मोटर दोन बोटं वर

पुंडलिकराव पुन्हा उठले, अंगणात गेले, आभाळाकडे पाहिलं आणि आत येऊन बसले. बसले म्हणायचं इतकंच. एक पाय उंबऱ्याबाहेरच होता.

"अवो, तुमी पाहून पाहून ते ढग घाबरणार हायेत काय?" कोकिळाबाई म्हणाल्या. "च्या घ्या."

"मले च्या सुचून नाई राह्यली. तिकडे पऱ्हाटी फुटून पांढरी झाली, अन् तू च्या घेऊन बसली."

दोष पुंडलिकरावांचाही नव्हता. धरणाच्या बुडितापलीकडे त्यांचं वावर होतं आणि त्यातला सगळा कापूस एकदम फुटला होता. कापसाचे ते दिवस आधीच रडगाण्याचे. भावाचा ठिकाणा नाही, बियाण्याचा भरवसा नाही. त्यात वेचायच्या आत पाऊस आला, तर भिजून पिवळ्या पडलेल्या कापसाकडे व्यापारी ढुंकूनही पाहत नाही. आणि वेचायला एक माणूस मिळेना.

गावातल्या वेचणाऱ्या बाया मानीबाईच्या शब्दाबाहेर नव्हत्या, आणि मानीबाईचं म्हणणं सरळ होतं. "बुडिताले वळसा घालून जाण्यायेण्यातच आमचा दिवस जाते. जीप पाठव भाऊ, आत्ता येतो." जीपवाला प्रेमसिंग त्याहून सरळ. "त्या रस्त्यानं गाडीचे पाटे तुटतात. नागपूरले चाल म्हन, पुण्याले चाल म्हन. तुह्या वावरात नाई येत." बुडितात मासे धरणारे होते, पण ते थर्माकोलच्या तराफ्यावर एकेकटे फिरत. त्यावर बाई बसवायची तर आधी मासेवाल्याला उतरवावं लागलं असतं.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो किंवा देवाला नवस बोलतो. पुंडलिकरावांनी नाव आणली. नागपूरकडे बोटिंगची एक जागा बंद पडली होती, तिथून पत्र्याची नाव आणि तिच्या मागच्या फळीला टांगायची जेट मोटर त्यांनी उचलली. जेटच कशाला, तर बुडितात जुन्या बाभळींचे खुंट उभे होते. साध्या मोटरचा पंखा खुंटावर आपटून मोडतो. या मोटरला बाहेर पंखाच नाही. खालच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, की नाव पुढे. ऐकायला इतकं सोपं, की कुणालाही मोह व्हावा.

मोह दारव्ह्याच्या मधुसूदनरावांनाही झाला. पुंडलिकरावांचे हे जुने स्नेही पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. उभा जन्म पंपांच्या फायली हाताळण्यात गेला, पण पंपाला हात लावायचा योग काही आला नाही. ते पाने-पकडींची पिशवी घेऊन पहिल्या बसने हजर झाले.

"तत्त्व एकच आहे पुंडलिकराव," काठावर उकिडवं बसत ते म्हणाले. "मोटर जास्त वर बसली तर पाण्याऐवजी हवा ओढेल. नुसती किंचाळेल, नाव हलणार नाही. जास्त खाली बसली तर पाण्यात अडून नाव जड होईल. मधली जागा शोधायची."

"मंग शोधा ना. ढग थांबून नाई राह्यले."

मधली जागा शोधण्यात सगळा दिवस गेला. एक बोटभर वर घेतली की मोटर बोंबलायची, दोन बोटं खाली घेतली की म्हशीसारखी बसकण मारायची. मधुसूदनराव बोल्ट ढिले करत, पुंडलिकराव ते पुरते ढिले व्हायच्या आत आवळत. उन्हं कलताना एकदाची नाव सुटली आणि सुटली ती अशी, की काठावरच्या म्हशी उठून गेल्या. पुंडलिकरावांनी मित्राला मिठी मारली आणि पळत जाऊन मानीबाईला सांगितलं, "सकाळी या. पाण्यावरून नेतो."

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई अंधार असतानाच बैलगाडीने वळसा घालून वावरात गेल्या. पहिला वेचा, तेव्हा सीतादही करायची होती. वावरात पूजा मांडायची, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग कापसाला हात लावायचा. दहीभाताचं मोठं पातेलं आणि वेचलेला कापूस भरायला कमरेला बांधायच्या ओट्यांची थप्पी त्यांनी बरोबर नेली होती.

इकडे मानीबाई बाया घेऊन आली. नावेत चढल्या त्या सगळ्या पुढच्या टोकाला दाटीवाटीने बसल्या. मोटर सुरू झाली, किंचाळली आणि नाव जागच्या जागी राहिली.

"मागे या, मागे," मधुसूदनराव ओरडले. "तुमच्या वजनानं मागची बाजू उचलली गेली. मोटर हवा खातेय."

"तिले जे खायाचं ते खाऊ द्या," मानीबाई म्हणाली. "मांगं बसलो अन् तिनं लुगडं ओढलं मंग? आमी नाई येत."

एकही बाई हलेना. शेवटी काठावरचे धोंडे गोळा करून मागे रचले. मागची बाजू खाली बसली, मोटरला पाणी मिळालं आणि नाव अशी निघाली, की बायांनी एकमेकींना घट्ट धरलं. पुंडलिकरावांचं समाधान मात्र कुठं होतंय. मोटर पाणी नीट फेकते की नाही हे पाहायला ते मागून ओणवे झाले. गळ्यातला दुपट्टा पाण्यात पडला, नावेखाली गेला आणि जाळीने तो घास घ्यावा तसा ओढून घेतला. मोटर एकदा कण्हली आणि बंद पडली. वाऱ्याने नाव सरकली ती बाभळीच्या दोन खुंटांमध्ये जाऊन अडकली. वावर दगड मारला तर पडेल इतक्या अंतरावर, आणि मध्ये माणूस बुडेल इतकं पाणी.

"भाऊ, आमी घरून निघालो तवाच आमचा रोज सुरू झाला," मानीबाईने आधी ते सांगून ठेवलं. मग सगळ्याजणींनी मिळून बोंब ठोकली.

दूरच्या रस्त्याने आर्णीच्या बाजाराला चाललेल्या मोटारसायकलवाल्याने ती ऐकली. बाजारात पोचेपर्यंत 'नाव अडकली'ची 'नाव बुडाली' झाली. मग काय विचारता. भाजीवाले उठले, गिऱ्हाईकं उठली, कचेरीतले बाबूही उठले. अलीकडच्या काठावरून नाव लांब, तेव्हा पाहायचं तर पलीकडून, पुंडलिकरावांच्या वावराच्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून. प्रेमसिंगची जीप टपापर्यंत भरून त्याच रस्त्याने आली. पाट्यांची त्याला आठवणही झाली नाही. माणसं उतरवून तो दुसऱ्या खेपेला गेलासुद्धा.

धुऱ्यावर जत्रा जमली. कुणी बुडालेलं नाही हे पाहून लोकांना बरं वाटलं, पण थोडं चुकल्यासारखंही झालं. पोहता येणारा एकही नव्हता, सल्ला देणारे सगळे होते. मासेवाल्याला बोलवायला माणूस गेला होता. तोवर हलायला कुणी तयार नव्हतं.

कोकिळाबाईंनी नावेकडे पाहिलं. नवरा बुडत नाही याची खात्री करून घेतली. मग गर्दीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पदर खोचून सीतादहीची पूजा उरकली.

"या जी, प्रसाद घ्या," त्या म्हणाल्या. "उपाशी काहून उभे राह्यले?"

फुकटचा दहीभात आणि समोर तमाशा. लोकांनी ओंजळी पुढे केल्या. सगळ्यांनी बोटं चाटून झाल्यावर कोकिळाबाई शांतपणे ओट्या वाटू लागल्या.

"हे काय वहिनी?" प्रेमसिंगने विचारलं.

"ओटी. सीतादईचा भात खाल्ला की एक तास वेचल्याबिगर वावरातून जाता येत नाई. लछमी कोपते."

"असं कुठं असते?"

"आमच्या वावरात असते. तुह्या गाडीले त्याच रस्त्यानं परत जाणं हाये ना बापा? मंग कोप कायले ओढवून घेतं?"

तास म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ. प्रेमसिंगने नावेकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि ओटी कमरेला बांधली. तो वाकल्यावर मागचेही वाकले. एक तास संपून टोकाला गेलं, की तिथून नाव आणखी चांगली दिसायची. मग दुसरा तास धरून लोक परत यायचे. बाबू लोकांनी तर पैजा लावल्या.

नावेत पुंडलिकरावांची घालमेल चालली होती. उभं राहिलं की नाव डुलायची आणि बसवत नव्हतं. मानीबाई वेगळीच तापली.

"पाहा वो, आमचा वेचा लोक वेचून राह्यले. अन् बोंडात निम्मा कापूस सोडून राह्यले बह्यताड." तिथूनच ती ओरडून वेचणं शिकवू लागली.

मासेवाला आला तोवर वावर हिरवं दिसायला लागलं होतं. कापसाची गाठोडी प्रेमसिंगच्याच जीपमधून घरी आली. पाठोपाठ पाऊस आला आणि पुंडलिकराव कापसाच्या ढिगावर बसून तो ऐकत राहिले.

दुसरा वेचा आला, तेव्हा आभाळ पुन्हा भरलेलं. मधल्या दिवसांत मधुसूदनराव एका सकाळीही घरी थांबले नव्हते. जाळीतली दुपट्ट्याची चिंधी न् चिंधी त्यांनी काढली, मोटरची उंची बायांच्या आणि धोंड्यांच्या वजनाचा हिशेब करून पक्की केली. त्या सकाळी अख्खी नाव भरून चाचणीच्या दोन चकरा झाल्या आणि एकदाही मोटर अडखळली नाही. दोघं मित्र काठावर आले ते भांडण जिंकल्यासारखे.

"झाली?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"झाली म्हणजे, वहिनी, घड्याळ आहे घड्याळ," मधुसूदनराव म्हणाले.

"मंग आता पाहाले कोण येईन?"

मधुसूदनराव हातातला पाना पुसू लागले.

"त्या प्रेमसिंगाचा सकाळपासून निरोप येऊन राह्यला, आज किती वाजता बंद पडन म्हणून. भाजीवाले बी विचारून गेले. नावेत मावतात तेवढ्या बायांनी उद्यापर्यंत अर्धं वावर बी नाई होत. अन् पाणी आज येते." कोकिळाबाईंनी पान्याकडे बोट दाखवलं. "दोन बोटं वर घ्या."

"वहिनी, असं म्हणू नका," मधुसूदनराव पाना छातीशी धरून म्हणाले. "जन्मात माझ्या हातून एवढं एकच यंत्र चालू झालंय."

"बंद पडणार असन तं आमी येतो," मानीबाई म्हणाली आणि डबा घेऊन नावेत बसलीसुद्धा.

पुंडलिकरावांनी आभाळाकडे पाहिलं. मग मित्राच्या हातातला पाना हळूच काढून घेतला, बोल्ट ढिले करून मोटर दोन बोटं वर घेतली आणि मागे धोंडे वाढवले; ते होते तोवर नाव चालणार होती.

प्रेमसिंगला वेळ कळवून नाव निघाली आणि बरोबर खुंटांपाशी आल्यावर पुंडलिकरावांनी मागचे सगळे धोंडे उचलून पाण्यात टाकले. मोटर किंचाळली आणि नाव थांबली. समोरच्या धुऱ्यावर माणसं उसळली. जीपच्या टपावरून कुणीतरी शिट्टी मारली. कोकिळाबाईंनी बैलगाडीने पलीकडे नेलेलं दहीभाताचं पातेलं गर्दीतून फिरू लागलं.

"साहेब, तोंड पाडा," पुंडलिकराव ओठ न हलवता म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

मधुसूदनरावांना ते वेगळं पाडावं लागलं नाही.