बसलेला कप

लवू परब कामावरून मुलुंडच्या खोलीत परतला, तर त्याचा चांदीचा कप देव्हाऱ्यापुढे मातीत बसलेला. दोन्ही कानांत झेंडूची माळ, तोंडात आंब्याची पानं, वर नारळ आणि भोवती सकाळीच पेरलेलं धान्य.

"जानकी, हे काय?"

"घट. तांब्याला भोक पडलंय, पाणी राहत नाय. हा नुसता धूळ खात होता."

धूळ खात होता म्हणे! साकीनाक्याच्या कारखान्यातला हा फिटर गोल्फ क्लबचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करता करता खेळ शिकला आणि अडुसष्ट साली साहेबलोकांना हरवून हौशी खेळाडूंचा चॅम्पियन झाला. चेंडू खड्ड्यात घातला म्हणून माणसाला चांदी का देतात, हे चाळीला अजून कळलं नव्हतं. पण कप वर्षापुरताच होता. आता रविवारी पुन्हा स्पर्धा, आणि कप परत केला नाही तर लवूचं नाव कायमचं कट.

"रविवारी न्यायचाय गं."

"दसऱ्याला न्या. बसलेला घट हलवत नायत."

"जरा उचलून तांब्या ठेवू. कोण बघतंय?"

"बघायला कोण कशाला लागतं?" जानकी म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

वाट लागली. लवूने क्लबच्या सेक्रेटरीला, चंद्रप्रकाश साहेबांना, खरं तेच सांगितलं. साहेब स्वतः स्पर्धेत होते. त्यांना मोठी गंमत वाटली.

"तू जिंकलास तर कप तुझाच, राहू दे मातीत. मी जिंकलो तर संध्याकाळी येऊन घेऊन जाणार."

म्हणजे जिंकणं भागच होतं. रविवारी लवू असा खेळला, की साहेबांना घाम फुटला. शेवटच्या खड्ड्यापाशी दोघे बरोबरीत. लवूने चेंडूमागे काठी टेकवली आणि फटका मारायच्या आधीच चेंडू तिळाएवढा हलला. साहेब तेव्हा पाठ फिरवून सिगारेट पेटवत होते. लवूने एकदा आभाळाकडे पाहिलं.

"साहेब, चेंडू हलला. एक फटका दंड लावा."

"मी तर पाहिलं नाही यार. कोणी पाहिलं?"

"बघायला कोण कशाला लागतं, साहेब?"

लवू एका फटक्याने हरला.

संध्याकाळी साहेब खोलीत हजर. जानकीने चहा दिला, पण देव्हाऱ्यापुढून हलली नाही. साहेबांनी वाकून पाहिलं. कपाभोवती बोटभर पिवळे कोंब आले होते.

"उचलला तर काय होतं?"

"उचलायचा नसतो."

"समजा, तुम्ही पाणी भरायला गेलात आणि मी हळूच उचलला. कोणाला कळणार?"

"बघायला कोण कशाला लागतं?"

साहेबांनी लवूकडे पाहिलं. लवू छताकडे बघत होता. साहेबांनी चहा संपवला, बूट घातले आणि म्हणाले, "दसऱ्याला येतो."

आले, आणि रांगोळीने घासलेला कप घेऊन गेले. एवढा तो क्लबात कधी चमकला नव्हता.

पुढच्या वर्षी क्लबची नोटीस आली: स्पर्धा यंदापासून घटस्थापनेच्या आदल्या रविवारी. कारण दिलं नव्हतं. लवूने ती जानकीला वाचून दाखवली.

"मग जिंकून या," ती म्हणाली. "तांब्याचं भोक अजून तसंच आहे."