एकाला कळलं की सगळ्यांना

"गोळ्या संपल्या बरं का," बाबा म्हणाले. "रक्तदाबाच्या. आज तरी येताना आण."

"हूं," लेक फोनमधून मान न काढता म्हणाला आणि कामावर गेला. आई गेल्यापासून त्या घरात 'हूं'वरच भागत होतं.

लेकाच्या कंपनीचं काम म्हणजे चपलांचं दुकान, चष्म्याचं दुकान, औषधांचं दुकान, विमा कंपनी यांची आपसांत जोडणी करून द्यायची. गिऱ्हाईक एका दुकानात शिंकलं, की दुसऱ्या दुकानाने रुमालाची जाहिरात पाठवलीच पाहिजे. 'एकाला कळलं की सगळ्यांना कळतं,' असं साहेबांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं.

मेलेल्या माणसाला जाहिरात गेली तर ब्रँडची शोभा होते, म्हणून तीही सोय केलेली होती. ती चालते का हे पाहायला गेल्या आठवड्यात लेकाला एक ग्राहक मारून बघायचा होता. पाठ असलेला नंबर एकच, बाबांचा. त्याने बाबांच्या नावापुढे 'मृत' टाकलं, जवळचा नातलग म्हणून स्वतःचा नंबर घातला, जेवायला गेला आणि त्यांना परत जिवंत करायचं विसरला. आज सकाळी साहेबांनी टाळ्यांच्या गजरात जोडणी सुरू केली.

दुपारी मीटिंगमध्ये लेकाचा फोन थरथरला. चपलांचं दुकान म्हणत होतं, 'आपल्या वडिलांच्या निधनाने आम्ही एक निष्ठावंत ग्राहक गमावला.' पाठोपाठ चष्मेवाले हळहळले. मग विमावाले आले: 'आता तुम्हीही विचार करा.'

हा आपलाच प्रताप आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला आठवल्या त्या गोळ्या. बाबांना फोन लावला, तर बंद.

"अहो, सादरीकरण कोण करणार?" साहेब ओरडले. तोवर तो जिन्यात पोचला होता. बाबांशी आपण शेवटचं काय बोललो, हे तो रस्ताभर आठवत होता. 'हूं.'

दार उघडंच होतं. बाबा खुर्चीत बसून पायातले जोडे काढत होते. लेक त्यांच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला.

"तुलाही संदेश आला वाटतं," बाबा म्हणाले. "मला सकाळपासून येतायत. सगळे माझ्या दुःखात सहभागी आहेत. शेवटी फोनच बंद केला. औषधवाला तर गोळ्या देईना. 'आजोबा, हे गृहस्थ वारलेत, मशीन दाखवतंय.' म्हटलं, अरे मीच तो. तर म्हणतो, 'मग घरातल्या कुणाला तरी पाठवा.'"

आता लेकाच्या डोक्यात प्रकाश पडला. "माझीच चूक, बाबा. आत्ता जिवंत करतो तुम्हाला," तो डोळे पुसत म्हणाला.

"गोळ्यांपुरता कर. बाकी ठिकाणी राहू दे. मेल्यापासून बरी चौकशी होतेय माझी."

"तसं नाही करता येत. एकाला कळलं की सगळ्यांना कळतं."

बाबांनी दुसरा जोडा काढून खुर्चीखाली सारला.

"असं?" ते म्हणाले. "मग गोळ्या संपत आल्याचं मी आठवडाभर एकालाच सांगतोय, ते कुणालाच कसं कळलं नाही रे?"

लेकाच्या तोंडाशी 'हूं' आला होता. तो त्याने गिळला आणि खुर्चीखालचे जोडे पुन्हा बाबांसमोर ठेवले.