तांबोळी सरांचा डिशवॉशर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या तांबोळी सरांचा डिशवॉशर बंद पडला की सर आधी पान्याला हात लावत नाहीत. ते चौकशी बसवतात. स्वयंपाकघरात मशीनसमोर खुर्ची टाकतात, चष्मा पुसतात आणि साक्षीदारांना बोलावणं धाडतात. एका रविवारी मलाही बोलावणं आलं. मी परातीतली कणीक तशीच झाकून गेले.

"वहिनी, परवा आपण आमच्याकडे आमटी पाठवली होती?"

"हो. कटाची."

"तिच्या फोडणीत मोहरी होती?"

"फोडणीत मोहरी नसेल तर काय शेंगदाणे असतील?"

"प्रश्न मी विचारतोय. अनुमान नको, निरीक्षण सांगा. होती की नव्हती?"

"होती."

"बसा."

मी बसले. पन्नाशी उलटलेली बाई आहे मी, ऑफिसात चार माणसं मला विचारल्याशिवाय सही करत नाहीत. पण सरांनी 'बसा' म्हटलं की पाय आपोआप जुळतात.

सरांनी जन्मभर एका मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. तांबोळी मंडळी पिढ्यानपिढ्या पुण्याची. आजोबांचं मंडईपाशी विड्याच्या पानांचं दुकान होतं. सर बिबवेवाडीत आले ते आमच्याबरोबरच, इमारत नवी असताना. घरात नवरा-बायको आपली हिंदी बोलतात, पण रागवायचं झालं की सरांना मराठीच लागते. अपमान करायला इतकी स्वच्छ भाषा दुसरी नाही, असं त्यांचं मत आहे.

दुरुस्तीचा नाद त्यांना पहिल्यापासूनचा. आमची बेल एकदा नीट वाजेना, तर सर म्हणाले, "इलेक्ट्रिशियन कशाला? मी आहे ना." त्यांनी बेल दुरुस्त केली. त्यानंतर आमच्या दाराचं बटण दाबलं की त्यांच्या घरात वाजायची. सर दार उघडून पाहुण्यांना सांगायचे, "ते समोर राहतात." असे दोन महिने गेले. शेवटी आमच्या ह्यांनी चाचरत विषय काढला, तेव्हा सर म्हणाले, "इमारतीचं वायरिंगच मुळात चुकीचं आहे. माझ्यामुळे ते उघडकीला आलं." त्यांच्या बायकोचा, नसीमभाभींचा, मिक्सर त्यांनी दुरुस्त केल्यावर उलटा फिरायला लागला. चटणी वाटली जाईना, नुसती घुसळली जाई. "पाती झिजणार नाहीत," सर म्हणाले. आपल्या हातून काही चुकलं, असं वाक्य या माणसाच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

डिशवॉशर आणला त्यांच्या लेकीनं, शबानानं. ती खराडीला आयटीत आहे. "काकू, अम्मीचे गुडघे बघा ना, डॉक्टर म्हणतात स्टँडिंग बंद. आणि ही दिवसभर सिंकपाशी उभी," असं मला सांगून तिनं आईला न विचारताच मशीन घरात आणून बसवलं. नसीमभाभींनी मशीनचं मनापासून स्वागत केलं. म्हणजे त्या आधी सगळी भांडी स्वच्छ घासायच्या आणि मग मशीनमध्ये लावायच्या. "खरकटी कशी घालायची, वहिनी? नवीन मशीन आहे, खराब होईल."

ही सवय मोडली तेव्हा वाचलेल्या वेळात त्या लाडू वळायला लागल्या. खाली बसून भाजी निवडणंही त्यांना पटत नाही, ओट्याशी उभ्या राहूनच निवडतात. त्यांच्याकडे गप्पा मारायच्या तर आपणही उभं राहावं लागतं. मला तर कधी कधी वाटतं, त्या झोपतही उभ्यानंच असतील.

हे सगळं चाललं होतं तेव्हा सरांचे दिवस मात्र चांगले नव्हते. निवृत्तीनंतर ते घरी शिकवण्या घ्यायचे. हॉलमध्ये सतरंजीवर मुलं दाटीवाटीनं बसायची आणि सरांचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. पण हळूहळू मुलं मोठ्या क्लासना गेली, उरलेली मोबाइलवर शिकायला लागली. सतरंजी माळ्यावर गेली. सर गॅलरीत खुर्ची टाकून खाली येणाऱ्या पाण्याच्या टँकरकडे बघत बसायचे. एकदा जिन्यात मी विचारलं, "काय सर, बरं आहे ना?" एरवी या प्रश्नाला "का? तसं दिसत नाही?" असं उत्तर ठरलेलं. त्या दिवशी ते नुसतं "हो" म्हणाले आणि वर गेले. मला धसकाच बसला. भाभींनी तर जेवण सोडलं होतं. "दिवसदिवस बोलत नाहीत, वहिनी," त्या म्हणाल्या. "मी विचारते चहा करू का, तर मान हलवतात. माणूस घरात आहे आणि नाही पण."

अशात एका दुपारी डिशवॉशरमधलं पाणी उपसलं जाईना. सर गॅलरीतून उठले. मेन स्विच बंद केला, खालची जाळी बाहेर काढली, गाळणी फिरवून काढली, साठलेलं पाणी मगानं उपसलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पंपाच्या इवल्याशा पात्यात लिंबाची एक बी अडकली होती. ती चिमटीत धरून सर मजल्यावरच्या प्रत्येक दारात गेले. आमच्याकडे आल्यावर म्हणाले, "बघून ठेवा. कारण आणि परिणाम यांच्या आकाराचा संबंध नसतो." बऱ्याच दिवसांनी तो आवाज जिन्यापर्यंत गेला.

तेव्हापासून मशीन नेमानं बंद पडायला लागलं. आणि प्रत्येक वेळी सोहळा तोच. आधी चौकशी, मग जुन्या चादरीवर स्क्रू ओळीनं मांडायचे, मग सर जमिनीवर आडवे आणि शेजारी बुटक्या स्टुलावर भाभी, हातात बॅटरी धरून. सर आतून शिकवत असायचे. "गाळणी ही वर्गातली मॉनिटर. सगळ्यांना अडवते, पण ज्याला पळायचंय तो पळतोच. पंप मागच्या बाकावरचा, त्याला सांगितलेलं उशिरा ऐकू येतं. नसीम, उजेड डावीकडे. तुझी डावी, माझी नाही." एवढं सगळं करून शेवटी हाती लागायची ती मोहरी. म्हणूनच माझ्या आमटीची साक्ष निघाली होती.

एकदा दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं. सर पेपर आणायला खाली गेले होते. आत भाभी मशीनपाशी वाकलेल्या. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात मसाल्याच्या डब्यातला चमचा. मला बघून त्या दचकल्या आणि चमच्यातली उरलेली मोहरीसुद्धा भोकात पडली.

"भाभी, अहो हे काय?"

"वहिनी, तुम्हाला तुमच्या पोरांची शपथ आहे, कुणाला बोलू नका." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मशीन चांगलं चाललं की हे परत गॅलरीत जाऊन बसतात. बिघडलं की माणसात येतात. तुम्ही बघितलंय ना त्यांना तेव्हा? मला तसे परत नकोत."

मी कुणाला बोलले नाही. आमच्या ह्यांनाही नाही, कारण ह्यांना सांगणं आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहिणं यात फारसा फरक नाही.

पण मोहरीच्या कृपेनं चाललेला हा संसार एका सांडलेल्या मगामुळे अडला. पाणी उपसताना सर ओल्या फरशीवर घसरले आणि ओट्याची कड कपाळाला लागली. टाके पडले. शबाना त्याच संध्याकाळी आली.

"बास, अब्बा. मी वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय. उद्यापासून त्यांचा माणूस येईल. तुम्ही मशीनला टच करायचं नाही."

"तो माणूस शिकलाय कुठे?"

"तुमच्याकडे नाही शिकला, एवढं नक्की."

मुलगी कुणाची, हे विचारायची गरज पडू नये. भाभी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला कळत होती. हे काम हातातून गेलं की गॅलरीतली खुर्ची वाटच बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. चाळिशीचा, अबोल, पायातल्या चपला बाहेर नीट ठेवून आत आलेला. शबाना त्याच्या डोक्यावर उभी. सरांना सोफ्यावर बसवलं होतं, कपाळावर पट्टी. भाभी ओट्याशी, आणि मी धीर द्यायला म्हणून दारात. त्यानं पंप उघडला, बोटांनी चाचपलं आणि तळहातावर मोहरी काढून दाखवली.

"मॅडम, ही जेवणातली नाही. कच्ची आहे, डब्यातली. कुणीतरी आत टाकली आहे."

शबानानं मशीनकडे पाहिलं, मग हळूच आईकडे मान वळवली. भाभींच्या तोंडावरचा रंग उडाला. त्या काहीतरी बोलणार, इतक्यात सोफ्यावरून आवाज आला.

"मी टाकली."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"अब्बा? का पण?"

"प्रयोग. पंप कितपत सहन करतो, ते बघत होतो. चूक झाली माझी."

मी दाराची चौकट धरली. बेलच्या वेळी नाही, मिक्सरच्या वेळी नाही, आणि आज जे केलंच नाही त्याबद्दल हा माणूस चूक झाली म्हणत होता. शबाना भडकली, रडली, बरंच बोलली. सरांनी सगळं खाली मान घालून ऐकलं आणि मशीनला हात लावणार नाही असं वचन दिलं. भाभी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. सर आपल्याला सोडवायला खोटं बोलले, एवढंच त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आमच्याकडे आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"वहिनी, आपल्याला माहीत होतं. काल मोहरी निघाली तेव्हा सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. आपण नसीमकडे पाहिलंत."

मास्तरच ते. वर्गात कोण कुठे बघतंय, ते सुटायचं नाही. मी विचारलं, "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच खेपेला. फोडणीतली मोहरी तडकलेली असते. ही अख्खी, गोल. सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल."

"मग बोलला का नाहीत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ती बसत नाही हो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगून झालं, मुलीनं मशीन आणून झालं. मी रागावून झालं, मराठीतून. बसत नाही. फक्त बॅटरी धर म्हटलं की बसते. तेवढा वेळ पाय सरळ करते आणि माझ्याशी बोलते. तिच्या आईचं, तिच्या शाळेचं, लग्नाआधीचं. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी विचारलंच नव्हतं ते. पंप काढायला काय लागतं? चहा उकळतो तेवढ्या वेळात निघतो. मी संध्याकाळपर्यंत लांबवायचो."

मी खुर्ची पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

"तिला वाटतं, ती मला सांभाळतेय," सर म्हणाले. "तसंच वाटू दे. आपण सांगू नका."

मी मान हलवली. सर जायला निघाले, दारापाशी थांबले. कुणाकडे काही मागायची सवय नाही, त्यामुळे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"आपल्याकडे काही बिघडलंय का?"

"आमच्याकडे?"

"अगदी लहानसहान नको. एका माणसाच्यानं होणार नाही, असं काहीतरी. कुणीतरी शेजारी बसून बॅटरी धरावी लागेल, असं."

"बघते," मी म्हणाले.

आमच्याकडे नेमकं सगळं चालू होतं. टेबल फॅन तर ह्यांनी नुकताच स्वारगेटच्या दुकानातून दुरुस्त करून आणला होता. हे बाहेर पडल्यावर मी त्याचा प्लग काढून ठेवला, सुरीनं मागचं झाकण उघडलं आणि आतली एक वायर ओढून उपटली. मग फॅन उचलून समोर नेला.

"काय होतंय?" सरांनी विचारलं.

"फिरत नाही."

त्यांनी झाकण काढलं. नुकतीच उपटलेली वायर त्यांना दिसली. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत बघायला लागले.

"जुना बिघाड आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. सरांनी फॅन घेऊन जमिनीवर बैठक मारली, चादर पसरली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली. भाभी हात पुसत आल्या, त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बॅटरी लावून बसल्या.