तुफान, गरुड आणि तौलनिक इंधन चाचणी समिती

काटेवाडीचे मोहनराव आणि बावड्याचे बापूसाहेब यांच्यातली सोयरीक देण्याघेण्यावरून अडली नाही, मानपानावरून अडली नाही, पत्रिकेवरूनही अडली नाही. ती पेट्रोलवरून अडली. दोन्हीकडची माणसं शहाणीसुरती आणि समंजस होती, म्हणूनच गोष्ट त्या थराला जाऊ शकली.

साल अठ्ठ्याण्णव. त्या दिवाळीत बारामतीच्या एका पंपावर ‘तुफान’ नावाचं खास पेट्रोल आलं. साध्यापेक्षा महाग, रंगानं लालसर, आणि फलकावर नाकपुड्यांतून ज्वाळा सोडणारा घोडा. पाठोपाठ इंदापूरच्या पंपावर ‘गरुड’ आलं. तेवढंच महाग, पण हिरवट. दोन्ही फलकांवर खाली एकच मजकूर होता : ‘फक्त शक्तिशाली इंजिनाच्या वेगवान मोटारींसाठी’. तशा मोटारी दोन्ही तालुक्यांत मिळून जेमतेम दोनच. एक मोहनरावांची, ढोबळी मिरचीवर घेतलेली. दुसरी बापूसाहेबांची, डाळिंबावर घेतलेली. कंपनी एक, मॉडेल एक, फक्त रंग वेगळा. ही मोटार शून्यावरून शंभराच्या वेगावर चुना मळेपर्यंत पोचते, असं विक्रेत्यानं सांगितलं होतं. ते खोटं म्हणायला कुणालाच वाव नव्हता, कारण बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या हंगामात चाळीसच्या वर काटा गेल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

मोहनरावांची तुफानवर श्रद्धा बसली ती पहिल्याच टाकीला. इंजिनाचा आवाज मऊ झाला. एसी गार लागू लागला. पुढं पुढं तर हॉर्नमध्येही एक प्रकारचा अधिकार आला, असं त्यांचं मत झालं. एकदा तुफानचा टँकर आला नाही आणि पंपावरच्या माणसानं आठवडाभर साधंच पेट्रोल भरलं. मोटार पूर्वीसारखीच धावली. मोहनराव एक अख्खी संध्याकाळ बेचैन होते; जेवणातही लक्ष लागेना. मग त्यांच्या ध्यानात आलं, की इतके दिवस तुफान पोटात गेल्यामुळं गाडीवर संस्कारच तसे झाले आहेत. ते दोन घास जास्त जेवले.

“अवं, रिकाम्या गाडीला गोंजारत बसन्यापरीस पोरीच्या लग्नाचं बघा,” असं त्यांच्या पत्नी प्रयागबाई रोज म्हणत. मुलगी निकिता बीएस्सी होऊन बारामतीत शिकवत होती. बापूसाहेबांचा दिग्विजय तिथंच ठिबक सिंचनाचं दुकान चालवी. दोघांनी एकमेकांना परस्पर पसंत केलं होतं. हे दोन्ही घरांना माहीत होतं, पण माहीत नाही असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. त्यामुळं मुलगी पाहण्याचा कार्यक्रम रीतसर झाला, दिग्विजयनं “नाव काय?” असं रीतसर विचारलं, निकितानं खाली मान घालून रीतसर सांगितलं, आणि सगळं जमल्यात जमा होतं.

तेवढ्यात पोह्याची बशी खाली ठेवत बापूसाहेब म्हणाले, “मोहनराव, येताना गाडी अशी आली, जसं कुनी मागनं ढकलतंय. गरुड टाकलंय.”

मोहनरावांचा चमचा थांबला. “ढकलावं लागतंय व्हय? तुफानवर आपली आपुन जाती.”

“तुफान म्हंजी ते लाल पानी?”

“बापूसाहेब, आमी तुमच्या गरुडाला काकडीचा रस म्हनलो का?”

“म्हनला न्हाय, पर आत्ता म्हनलाच की!”

बापूसाहेब उठले. त्यांच्या पत्नी शकुबाई उठल्या, पण अर्धवट. दिग्विजय उठलाच नाही. त्याला शकुबाईंनी दंडाला धरून उठवलं. “ज्या घरात पेट्रोलची पारख न्हाय, त्या घरात आमी लेकीची पारख कशी धरावी?” असं बापूसाहेब दारातून म्हणाले, आणि दोन्ही पक्षांना हे वाक्य इतकं बिनतोड वाटलं, की त्यात अर्थ आहे का हे पाहायचं राहून गेलं.

आत निकिता पदरानं डोळे पुसत नव्हती. ती उरलेले पोहे खात होती. “आई,” ती म्हणाली, “पप्पांस्नी सांग, मी सायकलवर बी नांदीन.” प्रयागबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं नाही. सायकलचा उल्लेख त्यांना सहन झाला नसता.

सोयरीक जमवणारे दत्तोबा हे पंचायत समितीचे माजी सदस्य होते. सदस्यत्व गेलं होतं. कार्यपद्धती राहिली होती. ते दोन्हीकडं जाऊन आले आणि म्हणाले, “वाद शास्त्रीय हाय. शास्त्रीय वादाला समिती लागती.” अशा रीतीनं तौलनिक इंधन चाचणी समिती अस्तित्वात आली. दत्तोबा अध्यक्ष झाले. निवृत्त शिक्षक कुंडलिक गुरुजी यांची वास-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली; दोन्ही तालुक्यांत तपकीर सोडलेले तेच एक गृहस्थ होते. चाचणीचा निकाल लागेपर्यंत लग्न ‘विचाराधीन’ ठेवावं, असा ठराव एकमतानं झाला. ज्यांचं लग्न होतं ते दोघं समितीवर नव्हते.

पहिली चाचणी साधी होती. मोहनरावांनी बारामतीतून तुफान भरून निघायचं, बापूसाहेबांनी इंदापुरातून गरुड भरून निघायचं, आणि जो आधी सणसरला पोचेल तो जिंकला. दोघंही जोरात निघाले. जरा वेळानं मोहनरावांच्या पुढं उसाची बैलगाडी आली. बापूसाहेबांच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. मोहनरावांनी हॉर्न दिला, तो अधिकाराचा. बैलगाडीवाला मागं वळून हसला. त्याला वाटलं ओळखीचे पाहुणे रामराम करतायत. तुफान आणि गरुड अशी दोन्ही इंधनं पहिल्या गिअरमध्ये सणसरला आली. गुरुजींनी प्रामाणिकपणे नोंद केली : ‘प्रथम क्रमांक : बैलगाडी.’

“हे न्याय न्हाय,” बापूसाहेब म्हणाले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच मोहनरावांनी त्यांच्या म्हणण्याला मान डोलावली. “रस्ता मोकळा पायजे.”

दत्तोबांनी रस्ते खात्याकडं अर्ज केला : चाचणीसाठी रस्ता एक दिवस बंद ठेवावा. उत्तर आलं : रस्ता केवळ दुरुस्तीसाठी बंद ठेवता येतो. दत्तोबा खचले नाहीत. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला. सणसरचे लोक खड्डे बुजवा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत होते, पण त्यात ‘खड्डे’ हा शब्द असल्यामुळं खड्डे खरंच आहेत का, याची पाहणी बाकी होती. दत्तोबांच्या अर्जात नुसतं ‘दुरुस्तीसाठी रस्ता बंद करावा’ असं होतं. पाहण्यासारखं काहीच नसल्यामुळं अर्ज लगेच मंजूर झाला.

ठरल्या दिवशी समिती आनंदानं सणसरला पोचली. ‘रस्ता बंद’ असा लालभडक फलक खरोखरच लागला होता. मोहनरावांचा ऊर भरून आला. सरकार आपल्या पाठीशी आहे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग त्यांनी फलकाच्या पलीकडं पाहिलं. रस्ता बंद होता, कारण रस्ता नव्हता. खात्याचं यंत्र तो मुळापासून खणून पुढं निघून गेलं होतं.

“आता रं?” मोहनराव म्हणाले.

“आता काय?” दत्तोबा म्हणाले. “वाहतुकीचा अडथळा दूर झाला. ऱ्हायला फकस्त रस्त्याचा.”

आणि तो त्यांनी दूर केलाही. इंधनाची ताकद इंजिनात असते, चाकात नव्हे. तेव्हा मोटारींना पळवण्याचं कारण नाही. दोन्ही मोटारी सणसरच्या शाळेच्या मैदानात शेजारी शेजारी उभ्या कराव्यात, चाकांना दगड लावावेत, आणि आपापलं पेट्रोल सारखंच मापून घालून इंजिनं पूर्ण जोरात चालू ठेवावीत. समितीला ही कल्पना इतकी आवडली, की मोटारी रस्त्यावर चालवण्याची पद्धत मुळात कुणी काढली, याचं सर्वांना नवल वाटलं.

रविवारी चाचणी झाली. कालव्याच्या कडेकडेनं दोन्ही मोटारी मैदानात आल्या. दोन्ही घरची मंडळी हौसेनं आली. विजेत्या मोटारीला घालायला दत्तोबांनी झेंडूचे दोन भलेमोठे हार आणले होते (निकाल बरोबरीत सुटला तर पंचाईत नको), पेढ्यांचे खोके आणले होते आणि वाजंत्रीही सांगितली होती. रस्ता नसल्यामुळं गावाला कुठं जाता येत नव्हतं; सगळं गाव मैदानात होतं. भेळेची गाडी आली. फुगेवाला आला.

सुरुवातीलाच एक तात्त्विक प्रश्न निघाला. जी मोटार आधी बंद पडेल ती हरली का जिंकली?

“आधी बंद पडली म्हंजी पेट्रोल कमअस्सल,” बापूसाहेब म्हणाले.

“वा! ज्याच्यात ताकद जास्त, ते झराझरा जळनार! आधी बंद पडंल तीच जिंकली.”

“मग तुमची टाकी फोडून टाका, लगेच जिंकाल!”

दत्तोबांनी हात वर केला. “नियम निकालानंतर ठरवू,” ते म्हणाले. समितीच्या कामकाजात मुरलेल्या माणसाला ही वाट आधीच माहीत असते.

किल्ल्या फिरल्या. दोन्ही इंजिनं अशी ओरडू लागली, की लिंबावरचे कावळे थेट काटेवाडीच्या दिशेनं गेले. गुरुजी आळीपाळीनं दोन्ही नळकांड्यांशी वाकत, डोळे मिटत आणि “उग्र”, “अति उग्र” असं सांगत. जरा वेळानं ते नुसतंच बसून राहिले आणि कावळ्यांविषयी बोलू लागले. मोहनराव आपल्या मोटारीच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभे होते, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा. शेजारी बापूसाहेबही तसेच. मैदानभर निळा धूर भरला. कुणाला कुणी दिसेना, आणि दोघांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

शाळेच्या व्हरांड्यात प्रयागबाई आणि शकुबाई एकाच सतरंजीवर बसल्या होत्या, कारण सतरंजी एकच होती. बराच वेळ दोघी खोकल्या. मग शकुबाई म्हणाल्या, “इहीनबाई, एक इचारू का? तुमच्यात हे किती दिसापास्नं हाय?”

“दिवाळीपास्नं. तुमच्यात?”

“दिवाळीपास्नंच. माझ्या वाढदिसाला मला गाडीचा फोटू दिला.”

दोघींनी मैदानाकडं पाहिलं. धुराच्या अलीकडं भेळेच्या गाडीपाशी निकिता आणि दिग्विजय एकाच कागदातून भेळ खात उभे होते, आणि तिखट लागल्यामुळं दोघंही हसत होते.

शकुबाईंनी हारांकडं पाहिलं. पेढ्यांकडं पाहिलं. “हार हायती,” त्या म्हणाल्या, “पेढं हायती, वाजंत्री हाय, दोन्हीकडची मान्सं हायती, समदा गाव हाय. गाडीच्या नाकाडाला घालायचं, ते पोरांस्नीच घालू आन् साखरपुडा उरकू.”

प्रयागबाई उठून उभ्या राहिल्या. “माझ्याकडं नवं लुगडं हाय पिशवीत. तुमाला द्यावं म्हनूनच आनलं हुतं, पर कसं काढू समजंना.”

“माझ्या पिशवीत पोरीसाठी साडी हाय,” शकुबाई म्हणाल्या. “मला बी समजंना.”

धुरात उभ्या असलेल्या दोन व्याह्यांच्या कानावर एकाएकी वाजंत्री आली. सनई वाजली, ढोल वाजला, लोक ओरडले. वाजंत्री विजेत्यासाठी होती. मोहनरावांना वाटलं, आपण जिंकलो. बापूसाहेबांना वाटलं, आपण जिंकलो. दोघंही हात उंचावून धुरातून धावत बाहेर आले, काळ्याठिक्कर तोंडानं.

“कोन जिकलं?” मोहनराव ओरडले.

“निकिता,” प्रयागबाई म्हणाल्या. “हात धुऊन या आन् अक्षता घ्या. वास मारतोय.”

मोहनरावांनी पाहिलं. झेंडूचा हार लेकीच्या गुडघ्यापर्यंत आला होता. तो मोटारीच्या मापाचा होता. त्या हारातून तिचा चेहरा कसाबसा वर निघाला होता आणि ती इतकी हसत होती, की मोहनरावांना एकदम आठवेना, आपण इथं कशासाठी आलो. तिचा मास्तरकीचा पहिला पगार झाला होता त्या दिवशी ती अशी हसली होती. आणि आपण त्या दिवशी गाडी धूत होतो. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. “धुराचं हाय,” ते बापूसाहेबांना म्हणाले.

“माझं बी,” बापूसाहेब नाक ओढत म्हणाले, आणि दोघांनी कडकडून मिठी मारली. दोघांच्याही सदऱ्यांवर एकमेकांच्या इंधनाची काजळी उमटली.

साखरपुडा झाला. पेढे वाटले. वैशाखातली तीथ धरली. जेव्हा सगळे गप्प झाले, तेव्हा मैदानही गप्प असल्याचं दत्तोबांच्या लक्षात आलं. ते धावले. दोन्ही मोटारी बंद पडल्या होत्या. कुठली आधी आणि कुठली नंतर, हे पाहायला समितीचा एकही सदस्य जागेवर नव्हता. गुरुजी जागेवर होते, पण शुद्धीवर नव्हते.

समितीनं तसा अहवाल दिला आणि पुढील अभ्यासासाठी स्वतःला मुदतवाढ दिली. लग्न थाटात झालं. मोहनराव अजून तुफानच भरतात, बापूसाहेब गरुडच, आणि दोघं एकमेकांकडं गेले की गाडीविषयी बोलत नाहीत, सुनेविषयी आणि जावयाविषयी बोलतात. सणसरचा रस्ता पुढं यथावकाश झाला.

ही हकिगत आम्ही पुष्कळांना सांगितली. शिकलेले, जाणते, दोन्ही बाजू तपासून मत बनवणारे लोक. प्रत्येक जण पोट धरून हसला. मोहनरावांना हसला, बापूसाहेबांना हसला, समितीला तर फारच हसला. हसून झाल्यावर प्रत्येकानं डोळे पुसले, इकडंतिकडं पाहिलं, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि आवाज उतरवून विचारलं, “ते सगळं ठीक आहे हो. पण आपल्या गाडीत घालायचं झालं, तर दोन्हींतलं चांगलं कुठलं?”

तुम्ही अजून विचारलेलं नाही. आम्ही थांबलो आहोत.