खाडीच्या मधोमध दवाखाना

एरवी दहा-बारा झटक्यांत सुरू होणारी होडीची मोटर त्या मंगळवारी चाळीस झटके खाऊनही ढिम्म राहिली, आणि नेमका त्याच मंगळवारी मोठ्या ऑफिसातला तपासनीस होडीत येऊन बसला होता.

डॉक्टरबाई दातांच्या. दर मंगळवारी खाडीपलीकडच्या बेटावर त्यांचा दवाखाना असे. एक खोली, एक खुर्ची आणि समोर लांबलचक व्हरांडा. बेटावरच्या लोकांना दात होते, ते दुखतही होते. पण खुर्चीची भीती दुखण्याहून मोठी होती. महिन्यात चार माणसं आली तर बाई घरी जाऊन नवऱ्याला कौतुकानं सांगत. असा दवाखाना चालू ठेवावा की त्याला टाळं ठोकावं, ते बघायला हा तपासनीस आला होता. दवाखाना दहाला उघडायचा, आणि घड्याळात पावणेदहा वाजले होते.

"जरा दमानं घ्या," मोटरची दोरी मुठीत धरून नावाडीमामा म्हणाले. "आठवडाभर पडून असते बिचारी. सकाळी सकाळी कुणी उठवलेलं तिला आवडत नाही."

"मलाही आवडत नाही," तपासनीस म्हणाला. "तरी मी उठतो."

मामांनी चोक ओढला, पाय रोवला आणि दोरीला असा हिसका दिला की होडीसकट सगळे हलले. मोटर खोकली, फुरफुरली आणि चक्क चालू झाली.

"सोडा दोर!" असं कुणीच म्हणालं नव्हतं. पण तपासनीस कामाचा माणूस. त्यानं धक्क्याला बांधलेला दोर झटकन सोडला आणि हात झटकले. त्याच क्षणी मोटरनंही मान टाकली. होडी मात्र ओहोटीला लागून संथपणे खाडीच्या मधोमध निघाली.

"वल्ही काढा की मामा," बाई म्हणाल्या.

"वल्हं," मामा म्हणाले. "एकच आहे. दुसरं आमच्या मंडळींनी कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलंय."

तपासनिसानं ते एकुलतं एक वल्हं हातात घेतलं आणि जीव तोडून मारलं. होडीनं सावकाश एक गिरकी घेतली, मग दुसरी. तिसऱ्या गिरकीनंतर त्याला गरगरायला लागलं आणि तो गुपचूप खाली बसला.

"चालू होऊन बंद पडली, म्हणजे पेट्रोल अडलंय," मामांनी स्वतःशीच हिशोब मांडला. त्यांनी नळी चाचपली, टाकी हलवून बघितली आणि झाकणाकडे बघून थबकले. "हा स्क्रू कुणी आवळला?"

"मी," तपासनीस जरा अभिमानानंच म्हणाला. "सैल होता. पेट्रोल सांडलं असतं."

"अहो साहेब, तो मुद्दाम सैल ठेवतात! टाकीत हवा शिरायला नको? बाटलीचं तोंड ओठांत गच्च धरून पाणी पिऊन बघा, येतंय का!"

स्क्रू सैल झाला. आता मामांनी घाईघाईनं नळीवरचा रबरी फुगा इतका दाबला, इतका दाबला, की मोटरच्या पोटात पेट्रोलचा पूर आला. सगळीकडे वास सुटला. प्लग काढला तर चिंब भिजलेला. बाईंनी आपला रुमाल दिला. प्लग पुसून, उन्हात धरून पुन्हा बसवला आणि मामांनी पुन्हा दोरी ओढली. मोटर एकदाच "फुस्स" म्हणाली.

"ठिणगी आहे, हवा आहे, पेट्रोल आहे. मग दुखतंय तरी कुठं हिचं?" बाई म्हणाल्या. त्या आता पुढे सरकून मोटरवर ओणवल्या होत्या. पेशंट गप्प असला म्हणून सोडून द्यायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"कार्ब्युरेटरचा जेट चोंदलाय," मामांनी दोन स्क्रू काढून एक पितळी तुकडा तळहातावर ठेवला. मधोमध पेट्रोल जायला सुईच्या टोकाएवढं भोक. "जुन्या पेट्रोलचा चिकटा. केसाएवढी तार लागते. ती घरी आहे."

"टेकू म्हणून?" तपासनिसानं विचारलं.

बाई आपल्या हत्यारांच्या पिशवीकडे वळल्या. पिशवीतून एक छोटी डबी निघाली. दाताच्या मुळात फिरवायच्या सुया तिच्यात ओळीनं टोचून ठेवल्या होत्या, बारीक, त्याहून बारीक आणि जवळजवळ न दिसणाऱ्या. मामांचे डोळे लकाकले. त्यांनी हात पुढे केला. बाईंनी डबी मागे घेतली.

"दोन महिने तुम्ही माझ्यासमोर उजवा गाल लपवून बसताय. मला दिसत नाही असं वाटलं?"

मामांचा हात आपोआप गालावर गेला. "ते... वारा लागतो त्या बाजूनं."

"मोटर चालू झाली, तर आज खुर्चीत बसायचं. कबूल?"

मामांनी एकदा बेटाकडे बघितलं, एकदा धक्क्याकडे. दोन्ही सारखेच लांब होते. ओहोटी आता होडीला तिसरीकडेच नेत होती. "कबूल," ते म्हणाले, जन्मठेप ऐकल्यासारखे.

बाईंनी भिंगाचा चष्मा चढवला. जेट चिमट्यात धरून त्यांनी सुई आत घातली, हलक्या हातानं फिरवली, बाहेर काढून पुसली, पुन्हा घातली. छोट्या रबरी पिचकारीनं हवा मारली. "झालंच हं... अजून एकदा... छान," त्या सवयीनं पुटपुटत होत्या. मामा कळवळून बघत होते, जणू सुई त्यांच्याच दाढेत फिरत होती. जेट उजेडापुढे धरला तेव्हा भोकातून स्वच्छ आभाळ दिसलं.

पहिल्याच झटक्यात मोटर सुरू झाली. मामांना आनंद झाला आणि लगेच रडू आलं.

दवाखाना अकराला उघडला. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मामांची दाढ निघाली. संध्याकाळी तपासनिसानं वहीत बघून विचारलं, "दिवसभरातला एकच रुग्ण, आणि तोही बाहेरून आणलेला?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"पुढच्या मंगळवारी मी पुन्हा येईन. तेव्हाही हेच चित्र असेल, तर माझा नाइलाज आहे."

बाई आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. दवाखान्याची पाटी उतरवून कुठं ठेवायची, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. पण तोंडात कापूस असूनही मामांचं तोंड बंद नव्हतं. बेटावरच्या होडीवाल्या घराघरांत त्यांनी सुईची गोष्ट पोचवली होती.

पुढच्या मंगळवारी व्हरांडा माणसांनी भरला होता. बाईंना भरून आलं. पहिला माणूस खुर्चीत बसला, त्यानं मांडीवरचं फडकं सोडलं आणि आतला कार्ब्युरेटर बाईंच्या पुढ्यात धरला. "सकाळी लवकर उठत नाही," तो म्हणाला. बाईंनी दारातून बाहेर डोकावलं. प्रत्येकाच्या मांडीवर तसंच एकेक फडकं होतं.

क्षणभर बाईंना रडावं की हसावं कळेना. मग त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "आधी तोंड दाखवायचं, मग मोटर! ज्याला मान्य नाही त्यानं घरी जावं."

कुणीच उठलं नाही. मोटरवर पोट होतं. संध्याकाळपर्यंत एकोणीस तोंडं उघडली, सहा दाढा निघाल्या, नऊ भरल्या, आणि मधल्या वेळात एकोणीस जेटही साफ झाले. तपासनीस कोपऱ्यात बसून लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "आठवड्यातून दोन दिवस दवाखाना ठेवता येईल का, असं विचारणार आहे मी वर."

सगळ्यांत शेवटी एक आजीबाई आल्या. काठी बाजूला ठेवून खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि त्यांनी आ वासला. बाईंनी दिवा वळवला, आरसा आत घातला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"आजी, तुमच्या तोंडात एकही दात नाही!"

"ठाऊक आहे गं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरचं फडकं सोडलं. "पण बाहेर सगळे म्हणाले, नियम आहे. दाखवलं तोंड. आता हे बघ."