अट क्रमांक सात

हणमंतरावांनी पाकीट उघडले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. पाकीट त्यांच्या मुलीचे होते. त्रिवेणीने ते आदल्या दिवशी जामबागच्या आपल्या कॉलेजातून आणले आणि सकाळी टेबलावर ठेवून ती केस धुवायला गेली. एवढीच तिची चूक.

हणमंतरावांनी छत्तीस वर्षे एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण काचीगुड्याच्या त्यांच्या घरात ती शाखा अजून सुरळीत चालू होती. लाइटबिल असो की लग्नपत्रिका, पाकीट दिसले की ते पट्टीने सरळ रेषेत फाडायचे, आतल्या प्रत्येक पानावर जांभळा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि मगच ज्याचे त्याला द्यायचे.

त्रिवेणी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तेव्हा तिच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रकांची सहा पाने टेबलावर ओळीने वाळत पडली होती. प्रत्येकावर जांभळ्या शाईत एकच क्रमांक होता. अकराशे शेहेचाळीस.

“बाबा! हे कोण उघडलं?”

“मीच उघडलो की. पाकीट उघडायला नाही तर कशाला असतंय?”

त्रिवेणी मटकन खाली बसली, लगेच उठली आणि घरभर फिरू लागली. जिथे अर्ज करायचा होता त्या संस्थेची नियमावली तिने मोबाइलवर काढून बापाच्या नाकासमोर धरली. माहिती प्रणाली या विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी पदवीला साठ टक्के हवेत, ते तिला होते. दोन वर्षांची नोकरी हवी, ती तिने मलकपेठच्या एका कचेरीत दिवसभर आकडे भरून केली होती. दोन शिफारसपत्रे होती. ‘मला हेच का शिकायचे आहे’ यावरचा पाचशे शब्दांचा निबंध तिने अकरा वेळा लिहिला होता. राहिली अट क्रमांक सात. गुणपत्रके कॉलेजच्या बंद पाकिटात, तोंडावर प्राचार्यांची सही घेऊन द्यावीत; पाकीट उघडलेले आढळल्यास अर्ज बाद.

“पुढच्या वर्षी देता येतंय की अर्ज,” स्वयंपाकघरातून सुशीलाबाई म्हणाल्या.

“पुढच्या वर्षीपासून पदवीला गणित पाहिजे म्हणायलेत, आई. मी बी.कॉम. आहे. हे शेवटचंच वर्ष माझं!”

हणमंतरावांनी आता वाळत पडलेल्या पानांकडे पाहिले. पोरगी दोन वर्षे या एका कागदासाठी धडपडत होती आणि आपण त्यावर शिक्का मारून बसलो. कारण न सांगता त्यांनी पिशवी उचलली, तिच्यात वही, शिक्का, शाईची गादी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

“हे सगळं कशाला घ्यायलात?” त्यांच्यामागे निघताना त्रिवेणीने विचारले.

“कचेरीत रिकाम्या हातानं जाऊ नये,” हणमंतराव म्हणाले.

कॉलेजच्या परीक्षा विभागात भाग्यलक्ष्मी मॅडम बसल्या होत्या. त्यांनी सहा पाने उलटीसुलटी करून पाहिली.

“अय्यो, ये तो किसी दफ्तर में जमा हो गया ना! हर पन्ने पे शिक्का है. वो दफ्तर वापस करे बगैर दूसरा कैसा देना?”

“मॅडम, दफ्तर नहीं है. हमारा घर है,” त्रिवेणी म्हणाली.

“घर कू शिक्का रहता क्या?”

नियम साफ होता. एकदा कुठल्या कार्यालयाने स्वीकारलेली गुणपत्रके त्या कार्यालयाने लेखी परत केल्याशिवाय नवी मिळणार नाहीत. त्रिवेणी हात जोडून सांगू लागली, मॅडम मान हलवू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

हणमंतराव मात्र बऱ्याच दिवसांनी आपल्या माणसांत आल्यासारखे दिसत होते. त्यांनी बाकावर बसून कोरा कागद काढला आणि सुवाच्य इंग्रजीत पत्र लिहिले. जावक क्रमांक एक. सदर सहा पाने आमच्याकडे नजरचुकीने प्राप्त झाली असून, ती नोंदवून यासोबत परत करीत आहोत. खाली सही, सहीखाली शिक्का. वहीच्या मागच्या बाजूला जावकेचे नवे पान उघडून त्यांनी मॅडमची पोचही घेतली.

मॅडमचा चेहरा खुलला. “ऐसा लिख के लाना ना साब पहले! फुकट परेशान करे बच्ची कू.”

नवी पाने निघेपर्यंत तीन वाजले. या काळात त्रिवेणीने कॉलेजच्या अंगणाला किती चकरा मारल्या ते पहारेकऱ्याला विचारावे. पाकीट चिकटले, कॉलेजचा शिक्का बसला. राहिली प्राचार्यांची सही. प्राचार्य पावणेतीनलाच गेले होते, चारच्या गाडीसाठी, काचीगुडा स्टेशनला.

“म्हणजे आपल्या घराजवळच!” त्रिवेणी किंचाळली.

रिक्षाने दोघे स्टेशनात पोचले तेव्हा प्राचार्य डब्याच्या दारात उभे राहून पाण्याची बाटली घेत होते. त्यांनी काही विचारण्याआधीच हणमंतराव त्यांच्यापुढे पाठ करून वाकले. त्या पाठीवर पाकीट ठेवून प्राचार्यांनी सही केली आणि गाडी हलली. संस्थेच्या खिडकीवर त्रिवेणी पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. खिडकीतल्या माणसाने पाकिटाच्या तोंडावरची सही पाहिली आणि पाकीट न उघडताच मागच्या टोपलीत फेकले.

घरी पोचल्यावर त्रिवेणी दारातच वळली.

“आजपासून घरातल्या टपालाला हात लावायचं नाही तुम्ही. कोणाचंही असू दे. इनवर्ड बंद.”

“हौ,” हणमंतराव म्हणाले. त्यांनी वही, शिक्का आणि पट्टी पिशवीतच ठेवून पिशवी खुंटीला अडकवली.

त्यानंतरचे पाच आठवडे त्रिवेणीच्या जिवाला चैन नव्हते. ती जेवता जेवता मोबाइल बघे, मोबाइल बघता बघता जेवायचे विसरे. माहितीच्या यंत्रणा शिकवणारी ती संस्था स्वतःची माहिती मात्र साध्या टपालाने कळवीत असे. शेवटी एका मंगळवारी दुपारी तिने संस्थेला फोन लावला आणि ऐकता ऐकता पांढरी पडली.

“यादी लागून पत्रं पाठवून दहा दिवस झाले म्हणायलेत! पत्र घेऊन आज पाचच्या आत गेलं नाही तर जागा दुसऱ्याला. माझं पत्रच आलं नाही!”

हणमंतराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते. “जिन्याखालच्या पेटीत एक पिवळं पाकीट दिसायलंय,” ते शांतपणे म्हणाले. “आठ दिवस झाले.”

“मग सांगायचं नाही?”

“तूच म्हणलीस की, इनवर्ड बंद. मी रोज बघतो, हात लावत नाही.”

खरी गोष्ट अशी होती की त्या घरात टपालाची पेटी आहे हे हणमंतरावांखेरीज कुणाच्या ध्यानातही नव्हते. किल्लीही त्यांच्याच जुडग्यात होती. त्रिवेणीने त्यांना हाताला धरून जिन्याखाली नेले. त्यांनी खुंटीवरची पिशवी तेवढी बरोबर घेतली. पेटीतून पाकीट निघाले आणि दोघे तसेच समोरच्या रिक्षात बसले.

फाडण्याचा दोनदा प्रयत्न करून त्रिवेणीने पाकीट बापापुढे धरले.

“तुम्हीच उघडा.”

“नक्की?”

“बाबा!”

हणमंतरावांनी पट्टी काढली. धावत्या रिक्षातही पाकीट सरळ रेषेत फाटले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“मिळालं गं,” ते म्हणाले आणि त्यांनी कागद तिच्या हातात दिला.

त्रिवेणीने तो कागद छातीशी धरला आणि मोकळेपणी रडून घेतले. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा तिने पाहिले, तर हणमंतराव मांडीवर वही उघडून लिहीत होते. आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. विषय, प्रवेश मंजूर. शेवटच्या रकान्यात त्यांनी शेरा लिहिला होता: ‘आठ दिवस विलंब, आवक शाखेच्या हट्टामुळे.’

त्रिवेणीने त्यांच्या हातातले पेन घेतले, ‘आवक शाखेच्या’ हे दोन शब्द खोडले आणि वर लिहिले, ‘उमेदवाराच्या’.

हणमंतरावांनी वही जवळ घेऊन ते नीट वाचले आणि पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

“खोडलं तिथं सही लागती,” ते म्हणाले.