शलाकेचा काटा आणि महाराजांचा शुभसंदेश

एका जंगलात एक शाळा होती. जंगलात शाळा कशी, असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या शाळेत जंगल चालतं, तर जंगलात शाळा का नको?

त्या शाळेचं दरवर्षी एक वार्षिक निघायचं. नाव 'डरकाळी'. यंदा विद्यार्थी-संपादक म्हणून शलाका नावाच्या साळिंदराच्या पोरीची निवड झाली. कारण साधं होतं. लेखणी तिच्या पाठीवरच होती, शाळेचा खर्च वाचला.

शलाकेला मनातून एकच हवं होतं. तिने एक गोष्ट लिहिली होती. पाणवठ्यावर रांगेत उभं राहून तहानलेल्याच घरी परतणाऱ्या सशाची. तेवढी छापून यावी. निवड कळली तेव्हा ती इतकी हरखली, की अंगावरचे सगळे काटे फुलले आणि शेजारच्या माकडाने बाक बदलला.

मार्गदर्शक होते घोरपडे सर. जातीने घोरपड, त्यामुळे एखादं तत्त्व धरलं की सोडत नसत.

"हे बघ बाळ," सर म्हणाले, "जे वाक्य काढल्यावर कोणाचं काही अडत नाही, ते काढायचं. आधी स्वतःचं, मग दुसऱ्याचं."

शलाकेने पाठीचा एक काटा उपसला, करवंदाच्या रसात बुडवला आणि आधी आपलीच गोष्ट धरली. रम्य सकाळ गेली. सोनेरी किरणं गेली. ससा राहिला आणि त्याची तहान राहिली. वाचताना शलाकेचाच घसा कोरडा पडला.

मग तिला चेवच चढला. मोराची 'मी' ही लांबलचक कविता दोन ओळींवर आली. मोर रुसला, पण त्या दोन ओळी नाचत नाचत सगळ्यांना म्हणून दाखवू लागला. गाढवाच्या सहलीच्या लेखातून तिने 'खूप मजा आली' एवढंच जिथे तिथे काढलं. लेख निम्मा झाला आणि वाचणाऱ्यांना खरंच मजा आली.

राहता राहिला पहिल्या पानावरचा शुभसंदेश. अध्यक्ष वनराज सिंह यांचा. तो दरवर्षी त्यांचे सचिव कोल्हेसाहेब लिहीत. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारा सुतारपक्षी तो डोळे मिटून जुळवी. तो वाचायची पद्धतच नव्हती.

शलाकेने तो वाचला. इथेच घात झाला.

'ज्ञानाच्या या पवित्र यज्ञात' काढलं. कोणाचं अडलं? नाही. 'उज्ज्वल भवितव्याची पहाट' काढली. तरी नाही. काढता काढता पानावर फक्त 'वनराज सिंह' उरलं.

"सर, हेही काढू?"

सरांना घाम फुटला. पण शिकवलं त्यांनीच होतं, आता नाही कसं म्हणणार?

"नाव राहू दे, बाळ," ते हळूच म्हणाले. "माझा पगार त्या नावाने होतो."

छपाईआधी नमुना अंक वनराज महाराजांपुढे गेला. सगळी शाळा मागे उभी. महाराजांनी पहिलं पान उघडलं. कोरं पान, मधोमध नाव. कोल्हेसाहेबांची शेपटी पायांत गेली.

"हा माझा संदेश?" महाराजांनी विचारलं.

"म्हणजे... तसा आपलाच, महाराज."

"आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला," महाराज म्हणाले. "झकास झालाय. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही."

शाळेने टाळ्या पिटल्या. शलाकेला आभाळ ठेंगणं झालं.

महाराज इतके खूश झाले, की कधी नव्हे ते पान उलटून पुढे वाचू लागले. मोर वाचला. गाढव वाचलं. सशापाशी थांबले.

"हे फार लांबलंय. या पोरीला सांगा, माझ्या पानाचं केलं तसंच सगळ्या पानांचं कर."

"पण महाराज, माझा ससा?" शलाका म्हणाली.

"तो काढल्यावर कोणाचं काही अडतं का?"

शलाकेने सरांकडे पाहिलं. सर ढगांकडे पाहत होते. 'माझं अडतं,' असं तिला म्हणायचं होतं. पण तिने पाठीचा काटा उपसला आणि ससा काढला.

'डरकाळी' निघाली. पानोपानी एकच नाव. उत्कृष्ट संपादक म्हणून शलाकेला ढाल मिळाली. ढाल घरी नेऊन ती ढसाढसा रडली.

तात्पर्य : मुलांनो, लिहिताना फापटपसारा जपा. तो वाचता वाचता महाराज पहिल्याच पानावर पेंगतात आणि मागच्या पानावरचा ससा सुखरूप छापून येतो.